वॉर्डची शिस्त आणि ख्रिस्ती सौम्यता यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न
सांजदिवा, पश्चिम महाराष्ट्र

सर्वांना सलाम.

मी एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे आणि काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर म्हणून जबाबदारी आली. आमच्या मंडळीत सध्या बायबलमधील गलतीकरांस पत्रावर प्रवचने चालू आहेत. त्यात सांगितलेल्या आत्म्याच्या फळांपैकी, म्हणजे पवित्र आत्मा माणसात जे गुण निर्माण करतो त्यांपैकी, ममता आणि सौम्यता यांवर पाळकसाहेब फार चांगले बोलले आणि त्यांचे म्हणणे मला पटलेही. परंतु सोमवारी सकाळी रात्रपाळीकडून ओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती आणि कामाचा ताबा, घ्यायला उभी राहिले की त्या उपदेशातले नेमके काय इथे आचरणात आणायचे, हे मला उमगत नाही.

आमच्या कामात ढिलाई चालत नाही. पोटॅशियम क्लोराइडचे इंजेक्शन सलाइनमध्ये मिसळून सावकाशच द्यावे लागते. ते कोणी थेट शिरेत दिले तर रुग्णाचे हृदय थांबू शकते. इन्सुलिनची मात्रा वाचताना एका शून्याचा घोटाळा झाला तरी जिवावर बेतू शकते. अशा वॉर्डात नर्सिंगच्या विद्यार्थिनी हाताखाली काम करतात, त्यांतल्या काहींनी विशीही ओलांडलेली नसते, आणि त्यांना वळण लावण्याची रूढ पद्धत म्हणजे राउंडच्या वेळी, सर्वांदेखत, रुग्णाच्या खाटेशेजारीच त्यांची खरडपट्टी काढणे. मी तसे करत नाही. त्यावरून एका वरिष्ठ सिस्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की "तुम्ही फार मऊ आहात, मुली डोक्यावर बसतील आणि एक दिवस एखादा रुग्ण त्याची किंमत मोजेल." त्यांनी उभे आयुष्य रुग्णसेवेत घालवले आहे आणि त्यांचा हेतू वाईट नाही, म्हणून त्यांचे बोलणे झटकून टाकता येत नाही.

दुसरी अडचण नातेवाइकांची आहे. खाट मिळायला उशीर झाला, तपासणीचा रिपोर्ट आला नाही, भेटीची वेळ संपली, यांपैकी कशावरही आवाज चढतो आणि समोर सिस्टरच असते. काही जण घाबरलेले असतात, हे मला कळते. काही जण मात्र शिवीगाळ करतात आणि अंगावर धावून येतात. तिथे ख्रिस्ती स्त्रीने किती सोसावे?

तिसरे म्हणजे घर. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, मुलगा शाळेत जातो. दिवसभर परक्या माणसांशी तोलून मापून बोलल्यावर घरच्यांशी दोन शब्द गोड बोलण्याचे त्राण राहत नाही. सौम्यतेची वचने मला पाठ आहेत. ती अशा दिवसात जगायची कशी, एवढेच विचारायचे आहे.


उत्तर १
निवृत्त पाळक, अहिल्यानगर

सलाम, ताई. तुमच्या पहिल्या प्रश्नावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण मंडळीत या विषयाची शिकवण फार वेळा अर्धीच दिली जाते.

पवित्र शास्त्रात सौम्यता ज्यांच्या अंगी दाखवली आहे, ती माणसे दुबळी नाहीत. मोशे भूतलावरील सर्व मनुष्यांपेक्षा नम्र होता, असे गणना या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात म्हटले आहे. ते वाक्य कुठे येते, हे पाहावे. मोशेची सख्खी बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन त्याच्याविरुद्ध बोलत आहेत आणि तो स्वतःच्या बचावासाठी एक शब्दही काढत नाही. पुढे मिर्यामेला कोड फुटते, तेव्हा तिला बरे कर म्हणून देवाकडे आक्रोश करणारा हाच मोशे आहे. हाच मनुष्य फारोपुढे उभा राहून लोकांना सोडवून घेऊन येतो. आपला प्रभू "जो मी मनाचा सौम्य व लीन आहे त्या माझ्यापासून शिका" असे म्हणतो, तेव्हा ते कष्टी आणि भाराक्रांत लोकांना उद्देशून म्हणतो. ज्याच्या हाती सर्व अधिकार आहे, तो थकलेल्यांशी कसा वागतो, याचे ते वर्णन आहे. यशया संदेष्ट्याने देवाच्या सेवकाविषयी सांगितलेले तेच आहे: चेपलेला बोरू तो मोडणार नाही, मिणमिणती वात तो विझवणार नाही. मोडण्याचे सामर्थ्य ज्याच्याकडे आहे, त्याच्याच बाबतीत या वाक्याला अर्थ आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की सौम्यतेचा प्रश्न जिथे आपल्या हाती अधिकार आहे तिथे सर्वांत आधी येतो. तुमच्या वॉर्डात तो अधिकार त्या शिकाऊ मुलींवर चालतो, आणि तुम्ही योग्य जागीच अडून विचार करत आहात.

आता शिस्तीविषयी. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याचे फळ सांगून झाल्यावर पत्र लिहिणारा प्रेषित पौल सहाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात लिहितो, की कोणी दोषात सापडला तर तुम्ही जे आध्यात्मिक आहात त्यांनी त्याला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणावे, आणि स्वतःही परीक्षेत पडू नये म्हणून जपावे. सौम्यतेचा उल्लेख संपतो न संपतो तोच तिचा पहिला उपयोग चुकणाऱ्याला सुधारण्यासाठी सांगितला आहे. तेव्हा चूक दाखवायची की सौम्य राहायचे, असा पर्याय शास्त्र आपल्यापुढे ठेवतच नाही. चूक दाखवायचीच आहे. कशी दाखवायची, एवढेच ठरवायचे आहे.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने त्याचा क्रम दिला आहे. तुझ्या भावाने अपराध केला तर प्रथम तो आणि तू एकांतात असताना सांग. ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर घे. त्यानंतर मंडळीपुढे ने. आपल्याकडे हा क्रम सर्रास उलटा होतो, आणि तुम्ही वर्णन केलेली राउंडची पद्धत तशीच उलटी आहे. मुलीला ट्रीटमेंट रूममध्ये बोलवावे, काय चुकले ते गुळमुळीत न करता सांगावे, त्यामुळे रुग्णाचे काय झाले असते तेही सांगावे, आणि तीच गोष्ट तिच्याकडून पुन्हा नीट करून घ्यावी. दुसऱ्यांदा तेच झाले तर नोंद करावी आणि ट्यूटरना कळवावे. मात्र तिच्या हातातली सिरिंज चुकीची आहे असे दिसले, तर एकांत शोधत बसू नये. तिचा हात धरावा, मोठ्याने "थांब" म्हणावे. तो चढलेला आवाज सौम्यतेच्या आड येत नाही. रुग्ण वाचल्यानंतरही तो चढलेलाच ठेवणे मात्र येते.

रूथच्या पुस्तकातील शेतमालक बवाज याचे उदाहरण मला फार आवडते. रूथ परकी, विधवा, शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे पडलेली कणसे, वेचायला आलेली. बवाज आपल्या गड्यांना सांगतो, की तिला पेंढ्यांमध्येही वेचू द्या, तिला धमकावू नका, आणि मुद्दाम काही कणसे तिच्यासाठी टाकून ठेवा. तिला धान्य हातात देऊन उपकाराखाली दाबणे त्याला सहज शक्य होते. त्याऐवजी तिचे कष्ट तिचेच राहतील आणि कोणी तिचा अपमान करणार नाही, अशी व्यवस्था तो मालक म्हणून लावतो. इन्चार्ज माणसाची ममता अशीच व्यवस्थेत उतरते: ड्यूटीचा तक्ता लावताना कोणाची परीक्षा आहे हे पाहणे, नव्या मुलीला पहिल्याच रात्री एकटीला गंभीर रुग्ण न देणे. हे कोणाला दिसतही नाही आणि मंडळीत त्याची साक्षही दिली जात नाही, पण मी त्याला पूर्ण ख्रिस्ती सेवा मानतो.


उत्तर २
पारिजात, पुणे

ताई, मी स्टाफ नर्स आहे. विद्यार्थिदशा संपून फार काळ झालेला नाही, म्हणून त्या मुलींच्या बाजूने थोडेसे लिहिते.

तुमच्या वरिष्ठ सिस्टर म्हणतात की मऊपणाची किंमत रुग्ण मोजेल. मला वाटते, भीतीची किंमत तो अधिक मोजतो. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ, या पाच गोष्टी आम्हांला पहिल्या वर्षापासून घोकायला लावतात. तरीही चूक होते, आणि झाल्यानंतरची काही मिनिटे फार मोलाची असतात. इन्सुलिन जास्त गेले हे लगेच सांगितले तर ग्लुकोज देऊन रुग्णाला सावरता येते. ज्या मुलीला चारचौघांत अपमान होण्याची धास्ती आहे, ती आधी कोणी पाहिले का हे पाहते, मग तक्त्यात आकडा कसा लिहावा याचा विचार करते, आणि ती मिनिटे निघून जातात. ज्या सिस्टरकडे जाऊन "सिस्टर, माझ्या हातून असे झाले" असे म्हणता येते, तिच्या वॉर्डात रुग्ण अधिक सुरक्षित असतो. आपली सौम्यता कामाला बाधक आहे, असे कृपया मानू नका.


उत्तर ३
मुक्ता, दौंड तालुका

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, आणि तोच मला सर्वांत निकडीचा वाटतो.

"ख्रिस्ती स्त्रीने किती सोसावे" हा प्रश्न ज्या शब्दांत विचारला गेला आहे, त्यामागे आपल्या मंडळ्यांची मोठी चूक आहे. पाळकसाहेबांनी वर लिहिल्याप्रमाणे सौम्यता आधी अधिकार असलेल्याकडून मागितलेली आहे. कलस्सैकरांस पत्रात पतींना सांगितले आहे की पत्नीशी निष्ठुरतेने वागू नका, आणि बापांना सांगितले आहे की मुलांना चिरडीस आणू नका. तरीही प्रत्यक्षात महिला मंडळाच्या सभेत सौम्यतेचा पाठ सर्वांत जास्त वेळा ऐकवला जातो तो मार खाणाऱ्या पत्नीला, बोलणी खाणाऱ्या सुनेला, आणि आता कदाचित शिव्या खाणाऱ्या सिस्टरला. त्या पत्नीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याची माहिती देणे, तिच्याबरोबर संरक्षण अधिकाऱ्याकडे जाणे, ही ममता आहे. तिला फक्त सहनशीलतेचे वचन काढून देणे याला मी ममता म्हणू शकत नाही.

प्रभूला मुख्य याजकापुढे एका शिपायाने चपराक मारली, तेव्हा त्याने उलट मारले नाही, शापही दिला नाही. परंतु तो गप्पही राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, आणि योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असे त्याने त्या शिपायाला सरळ विचारले. त्या उत्तरात द्वेष नाही आणि लाचारीही नाही. पुढे पौलालाही मुख्य याजकाच्या हुकमावरून तोंडावर मारण्यात आले, तेव्हा तो संतापून "चुना लावलेल्या भिंती" असे म्हणून गेला आणि मग त्याला शब्द आवरते घ्यावे लागले. प्रेषितालासुद्धा जे साधले नाही ते आपल्याला पहिल्या दिवशी साधेल, असे मी म्हणत नाही. पण नमुना कोणता ठेवायचा हे त्यावरून कळते.

मी केडगावच्या जवळ राहते, म्हणून पंडिता रमाबाईंचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणि विधवा आणून त्यांना आसरा दिला. आजारी, अंध, कोणी जवळ न केलेल्या स्त्रियांसाठी केडगावच्या आपल्या मुक्ती सदनात जागा केली. त्याच रमाबाईंनी १८९७ मध्ये, पुण्यात प्लेगचा बंदोबस्त चालू असताना, तिथल्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध वर्तमानपत्रात उघडपणे लिहिले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत, म्हणून त्यांनी शब्द मागे ठेवला नाही. उपाशी मुलीला जवळ घेणारे मन आणि ते पत्र लिहिणारे मन वेगळे नव्हते, असे मला मनापासून वाटते.

तेव्हा, ताई, घाबरलेल्या नातेवाइकाला जरूर वेळ द्या. त्याला बसवून दोन वाक्यांत खरी माहिती सांगितली, तर पुष्कळ वेळा आवाज आपोआप खाली येतो. "मृदू उत्तराने कोपाचे निवारण होते" हे नीतिसूत्रातले वचन वॉर्डाच्या दारातही खरे ठरते. परंतु जो अंगावर धावून येतो, त्याच्यासाठी सुरक्षारक्षकाला बोलवा, आणि हात उचलला गेला तर तक्रार नोंदवा. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात परिचारिकाही येतात, तो गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार देतानाही भाषा स्वच्छ ठेवता येते, आणि त्या मनुष्याच्या आजारी आईची शुश्रूषा तितक्याच काळजीने करता येते. त्या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी करणारी सिस्टर प्रभूच्या फार जवळ आहे, असे मी समजते.


उत्तर ४
वसईकर

येशू सहाय. मी कॅथलिक आहे. वरची उत्तरे वाचून समाधान वाटले. घराविषयी थोडे लिहावेसे वाटते.

संत फ्रान्सिस द सेल्स (१५६७–१६२२) हे जिनिव्हाचे बिशप होते. जिनिव्हा शहर तेव्हा प्रोटेस्टंटांच्या हाती असल्यामुळे त्यांना आन्सी येथे राहून काम करावे लागे. शाब्ले प्रांतात लोक त्यांचे प्रवचन ऐकायला येईनात, तेव्हा त्यांनी पत्रके लिहून घरोघर दारांखालून सरकवली, पण विरोधकांविषयी कडवट बोलण्याचे टाळले. संसारी माणसांना त्यांनी जे मार्गदर्शन केले, त्यातल्या दोन गोष्टी आमच्या घरात मी उपयोगी पडताना पाहिल्या आहेत.

पहिली गोष्ट अशी, की कोणावर रागाने बोललो हे लक्षात येताच त्याच माणसाशी लगेच एखादी सौम्य कृती करावी. जखम ताजी असते तोवर ती लवकर भरते. ही कृती मोठी असावी लागत नाही. मुलावर ओरडून झाल्यावर त्याच्या शेजारी बसून त्याच्या वहीला कव्हर घालून देणे पुरते. घरातल्या मोठ्या माणसाने असे करणे कमीपणाचे मानले जाते, आणि म्हणूनच ते मोठ्या माणसाने करावे.

दुसरी गोष्ट अशी, की स्वतःशीही सौम्य राहावे. आपण चिडलो याबद्दल स्वतःवर चिडणे आणि मग त्या चिडण्याने आणखी खचणे, यात ते नम्रता पाहत नाहीत. आपण इतके चांगले असताना असे कसे वागलो, हा दुखावलेला अभिमान त्यांना त्यात दिसतो. पडलेल्या अंतःकरणाला हलकेच उठवावे, देवाची क्षमा मागावी आणि पुढे चालावे, असे ते सुचवतात. आमच्याकडे संध्याकाळी कुटुंबाची प्रार्थना होते, त्यानंतर थोडा वेळ शांत बसून मी दिवस आठवतो: कोणाशी बोलताना आवाज बदलला, त्याआधी काय झाले होते, उद्या ते माणूस पुन्हा भेटेल तेव्हा पहिले वाक्य कोणते असावे. हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. "मी उद्या प्रेमळ वागेन" या निश्चयाने फारसे काही होत नाही. "उद्या सकाळी दूधवाल्याला मी आधी नमस्कार करीन" या निश्चयाने होते. ताईंनी सासूबाईंसाठी असे एकच वाक्य रोज ठरवून पाहावे.


प्रश्नकर्तीचे उत्तर
सांजदिवा

आपण सर्वांनी एवढा वेळ देऊन लिहिलेत, मी मनापासून आभारी आहे. पारिजात यांचा मुद्दा मी त्या वरिष्ठ सिस्टरांपुढे मांडणार आहे, कारण रुग्णाच्या सुरक्षिततेची भाषा त्यांना नक्की पटेल. मुक्ताताई, २०१० च्या कायद्याची माहिती वॉर्डच्या सूचनाफलकावर नातेवाइकांना दिसेल अशी लावावी, असे आम्ही ठरवत आहोत.

एक शंका उरते. वसईकरांनी सांगितलेले संध्याकाळचे चिंतन मला आवडले, परंतु रात्रपाळी करून सकाळी घरी आल्यावर मला प्रार्थनेला बसल्याबसल्या झोप लागते. मग सौम्यतेसाठी लागणारे बळ यायचे कुठून? प्रार्थना न करता झोपले तर मन खाते.


उत्तर ५
निवृत्त पाळक, अहिल्यानगर

ताई, पहिले राजे, अध्याय एकोणीस वाचा. ईजबेल राणीच्या धमकीने एलीया संदेष्टा रानात पळून गेला आहे, रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो आहे आणि तिथेच झोपी जातो. देवाने त्याला उपदेश केला नाही, त्याच्या विश्वासाची चौकशीही केली नाही. देवदूताने त्याला स्पर्श करून उठवले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी होता, तो खाऊनपिऊन पुन्हा झोपला. देवदूताने दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला सांगितले आणि कारणही दिले: तुला दूरचा पल्ला गाठायचा आहे. होरेब डोंगरावरचे देवाशी संभाषण त्यानंतर झाले, आधी नाही.

म्हणून रात्रपाळीहून आल्यावर प्रभूची प्रार्थना एकदा म्हणावी, दोन घास खावेत आणि निजावे. त्या वेळात सासूबाईंजवळ कोण बसेल, मुलाचा डबा कोण भरेल, हे घरातल्या पुरुषमंडळींबरोबर या आठवड्यातच बोलून ठरवून घ्या. ते बोलणे तुमच्याने होत नसेल, तर तुमच्या पाळकसाहेबांना घरी बोलवा आणि त्यांच्यासमोर ठरवा.